एकदा वाजली की थांबायचं

बसा डॉक्टर, त्या स्टुलावर बसा. त्याचा एक पाय आखूड आहे, तेवढं डावीकडे झुकू नका. आमच्या गल्लीतली वीज एकदा गेली की तासभर तोंड दाखवत नाही, पण त्यामुळे तुमचं काम अडणार नाही. हा दिवा बॅटरीला जोडला, झाला उजेड. चहा येतोय, पुदिना घालून. तुमचा उजवा हेडलाइट मधेच का मिटतो ते मला कळलंय, तासाभराचं काम आहे. आणि आल्या आल्या तुम्ही विचारलंत ना, वर खिळ्याला ती पितळी घंटी कसली टांगली आहे म्हणून? हात चालू ठेवतो आणि सांगतो.

अडतीस वर्षं मी अलेक्झांड्रियात, या अत्तारीन भागात, गाड्यांच्या वायरिंगची कामं करतोय. उस्ता बायूमी, वायरिंगवाला मिस्त्री, म्हटलं की बंदरापर्यंत कोणीही दुकान दाखवेल. भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नव्हता. गिऱ्हाईक येतं, घाबऱ्या आवाजात म्हणतं, 'उस्ता, गाडी झपाटली, ब्रेक दाबला की रेडिओ लागतो.' मी म्हणायचो, 'जिनांना दुसरे उद्योग नाहीत का?' अहो, बॅटरीतून निघालेल्या विजेला परत घरी जायला वाट लागते. ती वाट म्हणजे गाडीचा लोखंडी सांगाडा. तिथे गंज चढला, अर्थिंग सुटलं, की बिचारी भलत्याच तारेत शिरते आणि नको ते दिवे लावते. अशा किती झपाटलेल्या गाड्या मी पॉलिश पेपरच्या एका तुकड्याने बऱ्या केल्या असतील, मोजदाद नाही.

तर मागच्या एप्रिलमधली गोष्ट. खमसीनचे दिवस. वाळवंटातला गरम वारा शहरात घुसला होता, दातांत वाळू करकरत होती. दुपारी बाराला समुद्राकडच्या रुश्दी भागातल्या एका व्हिलातून फोन आला. बाईंचा आवाज म्हातारा, पण ताठ. "उस्ता बायूमी, आज मगरिबच्या नमाजाआधी, सूर्य बुडायच्या आत, माझी नात नवरी होऊन आमच्या जुन्या गाडीतून निघायची आहे. गाडी नखरे करते आहे. याल का?"

नाव ऐकलं आणि मी हातातला पान्हा खाली ठेवला. इंजी हानिम! सफवत बेयच्या विधवा, जुन्या खानदानी घरातल्या बाईसाहेब. त्यांची ती काळी विलायती गाडी मी ओळखत होतो. एकोणीस वर्षांचा असताना, माझे उस्ताद हयात होते तेव्हा, मी एकदा तिच्यावर हात चालवला होता. त्यानंतर ती रस्त्यावर कधी दिसलीच नाही.

फाटकातच ताहेर भेटला. ताहेर म्हणजे आमच्यातला शिकलेला पोरगा, गाडीला संगणक जोडून दोष सांगतो, आणि म्हाताऱ्या उस्तांकडे बघून हसतो. तीन आठवडे तो या गाडीशी झुंजत होता. आता संगणक पिशवीत घालून निघाला होता.

"काय रे, कुठे पळतोस?" मी म्हटलं.

"उस्ता, तिला संगणक जोडायला भोकच नाही."

"मग तीन आठवडे काय, तिला गाणी म्हणून दाखवलीस?"

तो हसला नाही. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाला, "दोन्ही फ्यूज ठीक आहेत. मी दहादा बघितले. पण घंटी वाजते. कोणी न दाबता. उस्ता, माझं ऐका, टॅक्सी मागवायला सांगा." आणि खरंच गेला निघून. माझी छाती मात्र दोन इंच फुगली. पोरगा हरला होता आणि आता म्हातारा जिंकणार होता.

बागेच्या टोकाला गॅरेज होतं. लाकडी दारं, आत थंडावा, जुन्या चामड्याचा आणि मेणाचा वास. ती उभी होती. अडतीस वर्षं बंद, पण इंजिनवाल्यांनी चार महिने खपून तिचा श्वास परत आणला होता. अक्रोडाच्या लाकडाचा डॅशबोर्ड, पुढच्या आणि मागच्या सीटच्या मध्ये काचेचा पडदा, मागे सोफ्यासारखी सीट. असल्या गाडीत बसणारा माणूस ड्रायव्हरशी बोलत नसे. मागे हाताशी एक हस्तिदंती बटण, ते दाबलं की पुढे ड्रायव्हरच्या गुडघ्यापाशी पितळी घंटी वाजायची.

इंजी हानिम काठी टेकत आल्या होत्या. ऐंशी उलटलेल्या, पण केस नीट बांधलेले. त्यांनीच घंटीचा नियम सांगितला. "एकदा वाजली की थांबायचं. दोनदा वाजली की निघायचं. तीनदा, सरळ घरी. आमच्या बेयना बोलायचा कंटाळा. माझ्याशीसुद्धा ते घंटीनेच बोलले असते."

"हानिम, मी या गाडीवर पूर्वी काम केलंय," मी मिरवून सांगितलं. "अम्म इद्रीस आणायचे."

अम्म इद्रीस म्हणजे त्यांचे ड्रायव्हर. असवानकडचे नूबी, उंच, शांत. अख्खी गल्ली त्यांना अम्म, काका, म्हणायची. दातांत कायम लवंग, हातांत पांढरेशुभ्र मोजे. नाव ऐकताच बाईंची काठी जराशी सरकली. "हो का," एवढंच म्हणाल्या, आणि घरात गेल्या. वरच्या मजल्यावरून मुलींचं हसणं ऐकू येत होतं. जोमाना, त्यांची नात, सजत होती. आईबाप लहानपणीच गेलेले, आजीनेच वाढवलेली पोर.

मी बाह्या वर केल्या.

चाक डावीकडे वळवलं की हॉर्न वाजायचा. स्टिअरिंगच्या नळीत तारेचं आवरण झिजलं होतं. ती बदलली, दहा मिनिटं. ब्रेक दाबला की छतातला दिवा मंद व्हायचा. अर्थिंगची पट्टी गंजली होती. पॉलिश पेपर मारला, लख्ख. वीस मिनिटं. मी शीळ घालायला लागलो. संगणकवाल्यांनो, या, शिका म्हाताऱ्याकडून!

राहिली घंटी.

इंजिन चालू केलं. आवाज असा की मांजर झोपेत घुरघुरतंय. गियर टाकला, गाडी हातभर पुढे सरकली.

ट्रिंग.

एकदाच. स्वच्छ. गुडघ्यापाशी. माझा पाय आपोआप ब्रेकवर गेला. मागे पाहिलं, काचेपलीकडे सीट रिकामी. पुन्हा गाडी हलवली. ट्रिंग. जागेवर उभी असताना चूप. चाकं फिरली की एक.

हसलो. सोपं होतं. बटणात गंज, धक्क्याने टेकत असणार. मागे जाऊन बटण उघडलं, तर आतली स्प्रिंग हिरवी पडून केव्हाच तुटलेली. हे बटण बोटाने दाबूनही वाजलं नसतं. असो. दोन्ही तारा सोडवल्या, टोकांना टेप गुंडाळला. आता घंटी आणि बटण यांचा संबंधच संपला.

गाडी हलवली. ट्रिंग.

बाहेर उजेड बदलत होता. आधी पिवळा झाला, मग विटकरी. दुपारचे तीन वाजले असतील, पण खमसीनने सूर्य गिळला होता. वाळू दाराच्या फटींतून आत येत होती, तिचा सूं सूं आवाज थांबत नव्हता. कोरड्या हवेत दाराची मूठ धरली की बोटाला ठिणगी चावत होती. मी बॅटरीची तारच काढून टाकली. गाडी आता विजेच्या दृष्टीने मेली. गॅरेजची फरशी दाराकडे थोडी उतरती होती. इंजिन बंद, हँडब्रेक सोडला. गाडी आवाज न करता आपली आपण सरकायला लागली.

ट्रिंग.

डॉक्टर, तुम्हाला खोटं कशाला सांगू? माझी पाचावर धारण बसली. हँडब्रेक ओढला आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून बसून राहिलो. बॅटरीची तार माझ्यासमोर फरशीवर पडली होती. घंटीच्या कडेवरची धूळ नुकतीच झटकल्यासारखी दिसत होती... आणि पितळ अजून थरथरत होतं.

"वाजली ना?"

दारात इंजी हानिम उभ्या होत्या. तोंडावर पदर घ्यावा तसा रुमाल धरलेला, भुवयांवर वाळू. मी मान हलवली. त्या आत आल्या, कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसल्या. गाडीकडे बघत, अगदी हलक्या आवाजात बोलायला लागल्या.

"इद्रीस कधीही मागच्या सीटवर बसले नाहीत. तीस वर्षांत एकदाही नाही. गाडी पुसतानासुद्धा दारात उभं राहून पुसायचे. बेय गेल्यावर मी किती वेळा म्हटलं, आता मला चालवता येते, तुम्ही मागे बसा, जरा आराम करा. म्हणायचे, 'हानिम, माझं काही चुकलं का?'" त्यांनी मागच्या दाराकडे बोट केलं. "मग एका संध्याकाळी त्यांच्या छातीत दुखायला लागलं. मी ढकलूनच मागे बसवलं आणि गाडी काढली. कॉर्निशवर होतो. समुद्र डाव्या हाताला. आणि... घंटी वाजली. एकदा."

"थांबायची खूण..." मी पुटपुटलो.

"मला वाटलं, मागे बसायची लाज वाटते म्हणून थांबवतायत. मी ओरडले, 'गप्प बसा हो, इद्रीस!' आणि जोरात निघाले. इस्पितळात दार उघडलं तेव्हा ते गेलेले होते." त्यांनी काठीची मूठ घट्ट धरली. "एका हातात मोजा होता. दुसरा हात उघडा, तळवा काळा. मोजा पुष्कळ शोधला मी, सापडला नाही. असं उघड्या हाताने त्यांना पुरायला नको होतं. अडतीस वर्षं मी विचार करते आहे, उस्ता. त्यांना काय हवं होतं? पाण्याचा घोट? मला काही सांगायचं होतं? आणि मी म्हटलं, गप्प बसा."

बाहेर कुठेतरी पत्रा उडून आपटला. त्या उठल्या.

"राहू द्या. त्यांना ही गाडी जायला नको आहे. त्यांनी मला माफ केलेलं नाही. जोमानासाठी टॅक्सी मागवते. तिला सांगेन, दुरुस्त झाली नाही."

दाराकडे जाताना मी त्यांची पाठ पाहिली. ताठ बाई एकदम वाकल्यासारखी झाली होती. ती टॅक्सी मागवली गेली असती तर त्या मरेपर्यंत माफी न मिळालेली बाई म्हणूनच जगल्या असत्या. आणि मी एका घंटीपुढे हात टेकले असं माझ्याच्याने गल्लीला कसं सांगवणार? भीती होतीच, पण तिच्यापेक्षा माझा हट्ट मोठा निघाला.

"हानिम," मी म्हटलं, "मला पंधरा मिनिटं द्या." त्या परत खुर्चीवर बसल्या.

ड्रायव्हरच्या जागेवर बसून विचार केला. घंटी एकदा वाजते. थांब. मी थांबतो. ताहेरही थांबला असणार. पण थांबल्यावर अम्म इद्रीस काय करायचे? माझ्या डोळ्यांसमोर ते चित्र आलं. आमच्या दुकानासमोर गाडी थांबली की ते उतरायचे, टोपी काखेत धरायचे, वळसा घालून यायचे आणि मागचं दार उघडायचे. थांबणं म्हणजे नुसता ब्रेक नव्हे. थांबणं म्हणजे मागचं दार उघडणं. ते आम्ही कोणी केलंच नव्हतं.

मी उतरलो. डोक्यावरची टोपी काढली, का ते विचारू नका. वळसा घालून मागचं दार उघडलं.

लवंगेचा वास आला. ताजा, नुकतीच दाताखाली फोडल्यासारखा. आणि मी बघत असताना, चामड्याच्या सीटवर उजव्या बाजूला जो खळगा होता... बसलेल्या माणसाएवढा... तो सावकाश भरून आला. कोणीतरी उठलं होतं. मला जागा करून देत होतं.

"अम्म इद्रीस," माझी बोबडी वळली होती, "परवानगी... असू द्या."

वास बदलला. लवंगेच्या खालून दुसरा वास वर आला, जुना, तुरट. जळलेल्या केसांचा.

आता मात्र माझ्यातला कारागीर जागा झाला. सीटच्या पायाशी दोन मोठे स्क्रू होते. ते काढले, अंधारात कुठेतरी ठेवले, सीट उचलून बाजूला केली. दिवा आत धरला. सीटखाली घोड्याच्या केसांचा थर असतो अशा गाड्यांत. त्याला वीतभर काळं भोक पडलं होतं. त्यातून एक तार जात होती, मागच्या वाचायच्या दिव्याची. तिचं आवरण वितळलेलं, तांबं उघडं, सीटच्या स्प्रिंगपासून बोटभर लांब ओढून ठेवलेली. आणि तार व स्प्रिंग यांच्या मध्ये, गच्च कोंबलेला, अर्धा जळलेला एक पांढरा हातमोजा.

तारेच्या सुरुवातीला फ्यूज होता. तिसरा फ्यूज, पुढच्या डब्यात नसलेला, म्हणून ताहेरला न सापडलेला. काचेची नळी. आणि तिच्याभोवती गुंडाळलेला सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद.

डॉक्टर, तो कागद मी ओळखला. दुमडायची पद्धत माझी. दोन घड्या आणि एक पीळ. आमच्या धंद्यात घाईला फ्यूज नसला की सगळे हेच करतात, मीही शेकडो वेळा केलंय. दिवा लागतो, गिऱ्हाईक खूश. फक्त तो फ्यूज मग कधी उडत नाही. तार पेटली तरी नाही.

सगळं आठवलं. शुक्रवारची दुपार, उस्ताद नमाजाला गेलेले. अम्म इद्रीस आलेले, मागचा दिवा बंद म्हणून. मी सीट उचलून पाहिली, फ्यूज उडालेला, दुकानात तसला नाही. त्यांच्याच पाकिटातला कागद मागितला. त्यांनी विचारलं होतं, "बाळा, हे तात्पुरतं आहे ना?" मी म्हटलं होतं, "हो काका, उद्या या, नवीन टाकतो." दुसऱ्या दिवशी ते आलेच नाहीत. दोन दिवसांनी कळलं, हृदय बंद पडून गेले. मी हळहळलो आणि कामाला लागलो. कागद साफ विसरलो.

मी मोजा हातात घेऊन इंजी हानिमांकडे गेलो.

"त्यांना पाणी नको होतं, हानिम. गाडी पेटत होती. त्यांच्या खालीच. त्यांना वास आला, म्हणून घंटी वाजवली. तुम्ही थांबला नाहीत, तेव्हा त्यांनी सीटच्या फटीतून स्वतः हात घातला. तापलेली तार ओढून काढली आणि मोजा मध्ये कोंबला. छातीत कळ येत असताना." मी तो चंदेरी कागद त्यांच्यापुढे धरला. "आणि ती तार ज्याच्यामुळे पेटली तो मी. हा कागद माझा. उद्या नवीन टाकतो, असं म्हटलं होतं मी त्यांना."

वाटलं, त्या काठी उगारतील. उगारायला हवी होती. त्यांनी मोजा घेतला, गालाला लावला आणि रडल्या. किती तरी वेळ. मग डोळे पुसून माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा दहा वर्षांनी तरुण दिसत होता.

"म्हणजे ते माझ्यावर रागावले नव्हते."

"नाही, हानिम. तुम्हाला वाचवत होते. आणि आज..." मी दारातून वर घराच्या खिडकीकडे पाहिलं. नवरी मागे बसली असती, तिच्या वजनाने स्प्रिंग दबली असती, दोनचार खड्ड्यांत तो कुजका मोजा फाटला असता. पांढरा पायघोळ झगा, घोड्याचे केस, आणि खाली कधीच न उडणारा फ्यूज.

त्या मला 'तुम्ही' म्हणत होत्या. आता त्यांनी माझा कान धरला, खरोखर धरला. "बायूमी, तू एकोणीस वर्षांचा मूर्ख होतास. आता सत्तावन्नचा आहेस. तू त्यांना 'उद्या' म्हणाला होतास ना? तो उद्या आज आला. जा, नवीन टाक."

आणि काय सांगू डॉक्टर, तसं काम मी आयुष्यात केलं नाही! टोकापासून टोकापर्यंत नवी तार, तिच्यावर दुहेरी आवरण, जिथे जिथे लोखंडाला लागेल तिथे रबर. जळलेला थर कापून नवा भरला. खरा फ्यूज, योग्य मापाचा. बॅटरी जोडली. मागचा दिवा लागला, मधासारखा पिवळा. फ्यूज शाबूत. मी स्वतः सीटवर बसलो, उड्या मारल्या, तरी शाबूत. गाडी हलवली.

घंटी गप्प.

पुन्हा हलवली. गप्प. मी दार उघडून असा ओरडलो की वरच्या मुली खिडकीत आल्या.

सीट परत बसवायला स्क्रू शोधले. अंधारात मी कुठे ठेवले होते मलाच माहीत नव्हतं. गाडीच्या पायरीवर गाडी पुसायचं एक पिवळं फडकं होतं, चौकोनी घडी घातलेलं, आणि त्यावर दोन्ही स्क्रू शेजारी शेजारी, डोकी एका दिशेला. हानिम म्हणाल्या, मी काम करत होतो तेवढा वेळ त्या खुर्चीवरून उठल्याच नव्हत्या. मी जास्त विचारलं नाही.

"घंटी काढून टाक," त्या म्हणाल्या. "तिचं काम झालं." मी ती उघडली, तारांसकट काढली आणि गॅरेजमध्येच माझ्या हत्यारांच्या पेटीत ठेवून पेटीला कुलूप लावलं.

साडेपाचला वारा पडला. आकाश धुतल्यासारखं झालं आणि समुद्रावरून गार झुळूक आली. जोमाना जिना उतरून आली, आणि गल्लीभर बायकांच्या आनंदाच्या ललकाऱ्या उठल्या. ड्रायव्हर कोण? हानिमांनी माझ्याकडे बोट दाखवलं. कुणाचा तरी काळा कोट माझ्या अंगावर चढवला, हातात पांढरे मोजे. मी गाडीचं मागचं दार उघडलं, टोपी काखेत धरून, अगदी तसं. आजी आणि नात मागे बसल्या.

फाटकात ताहेर उभा होता, लागणारच म्हणून टॅक्सी घेऊन. त्याचं तोंड उघडंच राहिलं. मी काच खाली करून म्हटलं, "काय रे, भोक सापडलं का?" त्याने कपाळावर हात मारला, आणि खरं सांगतो, टाळ्या वाजवल्या.

मी गियर टाकणार, तेवढ्यात गुडघ्यापाशी वाजली.

ट्रिंग. ट्रिंग.

"तेता, किती गोड आवाज आहे!" जोमाना मागून आजीला म्हणाली. "कुठलं बटण?"

मी खाली पाहिलं. तिथे लाकडात स्क्रूची दोन रिकामी भोकं होती. आरशात इंजी हानिम दिसल्या. त्या हसत होत्या, गालांवर पाणी. काचेवर बोटाने टकटक करून म्हणाल्या, "ऐकलंस ना? निघ!"

आणि निघालो! कॉर्निशवर मागे तीस गाड्या, सगळ्यांचे हॉर्न लग्नाच्या ठेक्यात, समुद्र डाव्या हाताला, सूर्य बुडतोय आणि माझ्या गाडीचा एकूण एक दिवा पेटलेला. फुटपाथवरचे लोक थांबून हात हलवत होते. आयुष्यात राजा झालो असेन तर त्या संध्याकाळी.

दुसऱ्या दिवशी हानिमांनी घंटी मला देऊन टाकली. तीच ही. बघा, तार नाही, बॅटरी नाही, नुसती खिळ्याला टांगलेली. वर्षभरात दोनदा वाजली. दोन्ही वेळा मी घाईत काहीतरी तात्पुरतं करून गिऱ्हाइकाला किल्ली देत होतो. त्यानंतर तात्पुरतं हा शब्द मी दुकानातून हाकलून दिला.

तर झालं बघा तुमचंही. नवा होल्डर, नवी तार, अर्थिंग घासून चकचकीत. हेडलाइट आता मिटणार नाही, माझी जबान. घ्या किल्ली, संपवा चहा, सांभाळून जा.

...

ऐकलंत तुम्ही?

एकदाच ना?

नाही डॉक्टर, अल्लाशपथ, मी काहीही तात्पुरतं केलेलं नाही. हेडलाइटमध्ये काही राहिलेलं नाही... ती किल्ली खाली ठेवा. गाडीत बसू नका. हा दिवा घ्या आणि जरा उंच धरा.

मी मागचं दार उघडतो.